समुद्राला झालेलं पित्त

तीन उन्हाळ्यांपूर्वी मी चौसष्ट वर्षांची होते, म्हणजे तशी लहानच. त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला सगळं कळतं. मला तर जरा जास्तच वाटायचं. वरणात मीठ कमी आहे हे मी वासावरून सांगायचे, आभाळ कधी येणार ते गुडघ्यावरून आणि शेजारच्या घरात भांडण झालंय का ते भांड्यांच्या आवाजावरून. अशा बाईच्या घरात काचेच्या टाकीत समुद्र आणून ठेवला, तर ती त्यात हात घालणार नाही असं माझ्या सुनेनं कसं काय गृहीत धरलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आमचं घर पूर्णेला. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगा रेल्वेतच गाडी चालवतो. दोन दिवस घरी, दोन दिवस रुळांवर. सून मात्र कोकणातली, थेट समुद्राकाठची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, "आई, इथं वारा कुठून येतो?"

"पंख्यातून," मी म्हणाले.

ती हसली नाही. मला वाटलं, पोरगी जरा घमेंडी दिसते. तिचं घर आठवत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हाचं माझं डोकं म्हणजे मोठं कुलूप लावलेली रिकामी पेटी होती.

ती इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. चार वर्षं ती आमच्या ज्वारीच्या भाकरीशी आणि आमच्या बोलण्याशी जमवून घेत राहिली आणि पाचव्या वर्षी म्हणाली, मला माशांची टाकी ठेवायची आहे. खाऱ्या पाण्याची. आमचे हे म्हणाले, "ठेव की. सलूनमधी असती तशी." तर तशी नव्हे. या पाण्यात समुद्राचं मीठ लागतं, ते डब्यातून येतं, आरओच्या पाण्यात मोजून कालवायचं असतं. मग महिनाभर टाकी नुसती पाण्यानं भरून, मोटर लावून ठेवायची, म्हणजे वाळूत आणि दगडांत घाण खाणारे बारीक जंतू वाढतात. महिनाभर आम्ही सगळे रिकामं पाणी बघत बसलो. टाकी ठेवली होती घरातल्या एकुलत्या एक एसीच्या खोलीत, कारण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये उघड्यावर ठेवलेलं पाणी आंघोळीला काढावं इतकं तापतं आणि त्या माशांना गारवा लागतो.

मग मासे आले. मुंबईहून, थर्माकोलच्या खोक्यात, रेल्वेनं. मुलगा स्टेशनातून खोकं असं उचलून आणत होता, जणू बाळंतिणीला घरी आणतोय. दोनच मासे. केशरी रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे. एक माझ्या अंगठ्याएवढा, दुसरा करंगळीएवढा. टाकीत सोडल्यावर मोठा लगेच फिरायला लागला, धाकटा दगडामागून डोकावत राहिला. सून खाली मांडी घालून बसली होती. अर्ध्या तासानं उठली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे दोघं जगले तर टाकी राहील. मेले तर पाणी ओतून देईन, काच देऊन टाकीन आणि परत या घरात समुद्राचं नाव काढणार नाही. जीव आणून मारायचे नाहीत मला."

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. जी माणसं आवाज न चढवता बोलतात ती बोलल्याप्रमाणे करतात, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

एप्रिल बरा गेला. मे लागला आणि घर भरलं. नांदेडहून लेक आली, तिच्या दोन मुली आल्या. वालूरहून माझी नणंद आली. आम्ही चार आणि ह्या चार. मुलगा ड्यूटीवर असला तर सात, नसला तर आठ. दुपारी अकरा वाजले की सगळी जनता एसीच्या खोलीत, ती सकाळपर्यंत. आणि एसीची गार हवा बाहेर जाताना पाहिली की माझा जीव तुटायचा. म्हणून मी पिठाची खळ शिजवली, खिडकीच्या सगळ्या फटींवर जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दाराखाली ओला टॉवेल ठेवला. मुंगीला आत यायचं तर तिनं आधी माझी परवानगी घ्यावी, अशी बंदोबस्ताची खोली. ह्यांनीसुद्धा कौतुक केलं. आमचे हे कौतुक करतात तेव्हा काहीतरी बिघडणार असतं, हे मी पंचेचाळीस वर्षांच्या संसारात शिकायला हवं होतं.

पाहुणे येऊन चार दिवस झाले आणि मासे वर आले. दोघंही पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून भराभर श्वास घ्यायला लागले. सुनेनं काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले, हलवलं. आलेला रंग ती एका कार्डावरच्या रंगांशी जुळवत होती.

"काय झालं गं?"

"पीएच खाली आलाय आई. आठच्या वर हवा. साडेसातच्या जरा वर आहे फक्त."

"मंजी?"

"म्हणजे पाणी आंबटपणाकडे झुकायला लागलंय."

हे तिनं मला सांगायला नको होतं. आंबट हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले. आंबटपणा हा माझा प्रांत.

तिनं तिच्या पद्धतीनं सुरुवात केली. एका डब्यातली पूड होती, ती पेल्यात विरघळवून थेंबाथेंबानं मोटरच्या तोंडाशी सोडायची. तासाभरानं आकडा थोडा वर. दुसऱ्या दिवशी सकाळी परत खाली. पुन्हा पूड, पुन्हा वर, पुन्हा सकाळी खाली. तिनं आणखी एक चाचणी केली, पाण्यात आंबटपणा रिचवायची ताकद किती आहे त्याची. ती अगदी व्यवस्थित आली. त्यानं ती जास्तच बेजार झाली. "ताकद आहे, मग आकडा का पडतोय?" असं स्वतःशीच बोलायची. जेवताना घास हातात धरून टाकीकडे बघत बसायची. तिसऱ्या दिवशी तिनं पूड थांबवली. म्हणाली, कारण कळल्याशिवाय आता काही टाकायचं नाही. जास्त झालं तर तेच मारेल.

हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी तिथंच होते. मला ऐकू आलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

त्या दिवशी ती दुपारी शाळेच्या उन्हाळी वर्गावर गेली. मी आणि नणंद बाहेर उडदाचे पापड लाटत होतो. परातीशेजारी वाटीत पापडखार भिजवून ठेवलेला. मी आत पाणी प्यायला गेले, तर लेक, पोरी आणि आमचे हे गाढ झोपलेले आणि धाकटा मासा वर तोंड काढून धापा टाकत होता. त्याचं पोट धपाधप हलताना बघून मला वाटलं, ह्याला पित्त झालंय. आमच्या ह्यांना होतं तसंच. मी बोट बुडवून टाकीचं पाणी चाखलं. खारट लागलं, दुसरं काय लागणार! पण त्या दिवशी माझ्या जिभेनं ठरवलं होतं की त्यात आंबूस चव आहे, म्हणजे आहे.

बाहेर येऊन मी वाटी उचलली.

"वैनी, वाटी घेऊन कुठं निघालाव?" नणंदेनं विचारलं.

"वन्सं, जरा औषध देऊन येते."

"कुणाला?"

"समुद्राला."

"येड लागलंय काय तुमाला! तिनं काही टाकू नका म्हटलं न्हवं?"

"ती शाळेत शिकवती. मी घरात शिकलीय." हे वाक्य मी बोलले. आज लिहितानासुद्धा माझा मलाच एक धपाटा द्यावासा वाटतो.

वाटी अख्खी ओतली. क्षणभर काहीच झालं नाही. मग जिथं ओतली तिथून पांढरा धूर निघाल्यासारखं झालं, तो पसरत गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत टाकीचं तांदळाचं धुवण झालं. मोठा मासा काचेवर आपटला. धाकटा वर उसळला, परत उसळला आणि पांढऱ्यात दिसेनासा झाला. मी एका हातानं काच धरून उभी. मग मी काय केलं, तर मी बाहेर आले आणि पापड लाटायला बसले.

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. मी लाटीकडे पाहिलं.

सून आली ती सरळ आत गेली. आतून आवाज आला नाही, म्हणून मी जास्तच घाबरले. मग ती दारात आली. "टाकीत कोणी काय टाकलं?"

नणंदेनं परात पुढं ओढली. आमचे हे वर्तमानपत्राआड गेले. आणि मी, चौसष्ट वर्षांची, दोन लेकरांची आई, म्हणाले, "पोरींनी असंल काहीतरी. दुपारभर तिथंच खेळायल्या होत्या."

माझ्या लेकीनं मागचापुढचा विचार न करता दोन्ही पोरींना बाहेर ओढलं. "काय टाकलं सांगा! सांगा म्हणते ना!" त्या रडायला लागल्या. आम्ही नाही, आम्ही नाही, एवढंच म्हणत होत्या. मी पापड उलटा केला. त्याची दुसरी बाजू पहिल्यासारखीच होती.

सुनेनं पुन्हा नळी हलवली. या वेळी रंग कार्डावरच्या सगळ्यात वरच्या आकड्याच्याही पलीकडे गेला होता. तिच्याजवळ कालवून ठेवलेलं मिठाचं पाणी होतं दोन बादल्या. तेवढं टाकीतलं पाणी तिनं संध्याकाळपर्यंत हळूहळू बदललं. एकदाच काहीतरी बोलली, तेही तिच्या गावाकडच्या बोलीत. मला अर्धंच कळलं, पण तो अर्धा भाग चांगला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं. आकडा पुन्हा खाली, साडेसातच्या आसपास. मोठा मासा वर तोंड लावून होता. धाकटा तळाशी वाळूवर आडवा पडलेला, फक्त कल्ले हलत होते. एका बाजूचा पर फाटल्यासारखा चिकटून बसला होता. पोरी खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत. त्यांना त्यांच्या आईनं मनाई केली होती.

दुपारी दीडला वीज गेली.

एसी बंद. मोटर इन्व्हर्टरवर होती, पण इन्व्हर्टर जुना आणि पंखेही त्याच्यावरच. अर्ध्या तासात तोही बसला. मोटर थांबली आणि पाणी एकदम मुकं झालं. सून उभीच राहिली.

"पाणी हललं नाही तर श्वास मिळणार नाही त्यांना," ती म्हणाली. "आधीच हे असं."

ह्यांनी वीज कचेरीला फोन लावला. कुठंतरी तार तुटली होती, दोन-तीन तास सांगितले. खोलीत बसवेना, तेव्हा लेकीनं खिडक्या उघडल्या. माझ्या चिकट पट्ट्या टरकन फाटल्या. दारही सताड उघडलं. गरम झळ आत आली. मी माझं जुनं सुती लुगडं पिळून टाकीच्या काचेभोवती गुंडाळलं, म्हणजे पाणी लवकर तापणार नाही. त्या आठवड्यातलं माझं पहिलं शहाणपण.

"काहीतरी हलवायला हवं," सून इकडेतिकडे बघत होती.

मी स्वयंपाकघरातून रवी आणली. ताडकळसच्या बाजारातून आणलेली, अजून ताकाला न लावलेली.

"तुपकट नाही ना?"

"कोरी हाय."

"वरवर घुसळायचं. वाळू उठता कामा नये. फक्त वरचं पाणी फुटलं पाहिजे."

मी स्टुलावर चढून बसले आणि रवी फिरवायला लागले. ताक मी चाळीस वर्षं घुसळलं आहे, पण तळाशी एक जीव आडवा पडलेला असताना नाही. घामानं चष्मा घसरायचा. सून समोर बसून धाकट्याचे कल्ले बघत होती. नणंद पदरानं आम्हा दोघींना वारा घालत होती आणि दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघून खाकरत होती. पाचव्यांदा खाकरली तेव्हा मला राहवेना.

"मीच टाकला गं पापडखार," मी म्हणाले. रवी थांबवली नाही.

"माहीत आहे."

"कसं काय?"

"काचेवर पिठाचा हात उमटला होता. पाचही बोटं."

"मग पोरींना बोलणी बसली तवा तू का गप बसलीस?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आई, ते मी तुम्हाला विचारायचं."

मी खाली मान घालून रवी फिरवत राहिले.

"घुसळा," ती म्हणाली. "थांबू नका."

आम्ही आळीपाळीनं घुसळत राहिलो. मी, मग लेक, मग आमचे हे. तासभर झाला असेल. आधी मोठा मासा वरून खाली गेला. नुसता फिरायला लागला, जसा एप्रिलमध्ये फिरायचा. सुनेच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं नळी घेतली, थेंब टाकले, कार्ड धरलं. मग नळी उन्हाकडे नेऊन पुन्हा बघितली.

"काय झालं? पडला का अजून?"

"नाही. आठ आहे."

"मग चांगलं की!"

"चांगलं आहे, पण का? आपण काहीच टाकलं नाही आज."

साडेचारला वीज आली. एसी सुरू झाला, लेक सवयीनं खिडक्या लावायला निघाली. "थांबा," सून म्हणाली, आणि मग "नाही, लावा. मला बघू दे." तिनं टाकीतलं पाणी दोन पेल्यांत काढलं. एक पेला गच्चीवर सावलीत नेला आणि पोरींना बोलावून सांगितलं, चमच्यानं हळूहळू ढवळत राहा. दुसरा पेला खोलीत, दार-खिडक्या बंद, आम्ही सगळे आत, आणि तो ढवळायला मी. तासाभरानं तिनं दोन्ही पेल्यांचा रंग काढला. गच्चीवरचा चांगला होता. माझ्यापाशी होता तो उतरलेला.

ती बराच वेळ खिडकीच्या काठाला लोंबणाऱ्या वर्तमानपत्राच्या पट्टीकडे बघत राहिली.

"पाणी आजारी नाहीये," ती म्हणाली. "हवा आहे. आपण सात-आठ माणसं दिवसरात्र या बंद खोलीत श्वास सोडतोय. तीच हवा पाण्यात उतरते आणि पाणी आंबट होतं. मी कितीही पूड टाकली असती तरी दुसऱ्या दिवशी हेच झालं असतं."

"म्हणजे फटी बुजवल्या त्यानं?" आमच्या ह्यांनी विचारलं, आणि अत्यंत सावकाश माझ्याकडे वळून बघितलं. त्यांना असा प्रसंग वर्षातून एकदा मिळतो आणि ते तो वाया घालवत नाहीत.

उरलेल्या पट्ट्या मीच खरवडून काढल्या. खिडकी हातभर उघडी राहील आणि खोलीत दोनच माणसं झोपतील, असं ठरलं. लेक फुगली. "माहेरी आले मी चार दिवस, आन् माशांसाठी उकाड्यात झोपू?" नणंद म्हणाली, "वालूरला सांगितलं तर लोक मला येड्यात काढतील. माशाला एसी आन् माणसाला गच्ची!" पण गादी उचलून आधी तीच निघाली. आमचे हे कूलर ओढत बाहेरच्या खोलीत गेले.

पोरींची माफी मागायची राहिली होती. मी म्हणाले, कुल्फी आणते. त्या दोघी एकमेकींच्या कानात काहीतरी कुजबुजल्या आणि थोरली म्हणाली, "कान धरून पाच उठाबशा." मला वाटलं, कोणीतरी मध्ये पडेल. सून दारात उभी होती, लेक होती, नणंद होती. एकही बाई मध्ये पडली नाही. तिसऱ्या उठाबशीला गुडघा कटकन वाजला. नणंदेनं मोठ्यानं मोजलं, "तीन!"

आकडा सुधारला, तो टिकलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठचा आकडा, तिसऱ्या दिवशी त्याच्याही थोडा वर. मोठा मासा खायला लागला. धाकटा मात्र खाईना. उठून बसला होता, म्हणजे सरळ झाला होता, पण दगडाला टेकून. दाणे त्याच्या तोंडासमोरून खाली जायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनेनं रबरी नळी आणि रिकाम्या बादल्या आणून टाकीजवळ ठेवल्या. मी रात्री गच्चीवर पडले तेव्हा त्या बादल्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. चार वर्षं पंख्याचा वारा खाल्लेल्या पोरीला मी एवढंच करून दाखवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याआधी उठून गेले. टाकीत हात घालायला नव्हे, नुसतं बघायला. दोन्ही हात मागे बांधून उभी होते. ती आली, माझे हात बघितले, चिमूटभर दाणे टाकले. मोठ्यानं गपागप खाल्ले. एक दाणा गिरक्या घेत खाली चालला होता. धाकटा दगडापासून सुटला, एका अंगानं कलंडत वर आला आणि तो दाणा त्यानं ओढला. लगेच थुंकला. मग त्यानं वळून तोच दाणा पुन्हा तोंडात घेतला आणि गिळला.

सून खाली बसली. थोड्या वेळानं तिनं बादल्या उचलल्या आणि मोरीत नेऊन ठेवल्या.

त्या धाकट्याचा तो पर कधी नीट उघडला नाही. तीन वर्षं झाली, तो आता अंगठ्याएवढा झालाय, पण पोहतो एका बाजूला झुकून, पायात काटा रुतलेल्या माणसासारखा. घरी आलेले पाहुणे टाकीपुढे उभे राहतात आणि विचारतात, हा असा वाकडा का पोहतो? मी म्हणते, जन्मापासूनच तसा आहे. सून बहुतेक वेळा तिथंच असते. पाहुण्यांना चहा देताना ती माझा कप सगळ्यात शेवटी ठेवते.